विजेची गाडी आणि दूरचा रस्ता

प्रवास पायीं असो, घोड्यावरून असो अथवा यंत्राच्या गाडींतून असो, त्याला आधार दोन गोष्टींचा: एक वाहन आणि दुसरी शिदोरी. वाहनाची कीर्ति इतिहासांत राहते. शिदोरीची चौकशी फारशी कोणी करीत नाहीं. आज शहरांतील रस्त्यांवर विजेच्या मोटारी धांवतांना दिसतात, आणि त्या पाहून एक प्रश्न घरोघर विचारला जातो. गांवांतल्या गांवांत हें वाहन ठीक आहे. परंतु जेथें वस्ती विरळ, रस्ता कच्चा आणि विजेची तार पोंचलेली नाहीं, अशा वाळवंटांतून, पठारांवरून व हिमप्रदेशांतून तें नेतां येईल काय? प्रश्न नवा वाटतो. पण तो शंभर वर्षांहून जुना आहे. त्याचें उत्तर अनेकांनीं प्रत्यक्ष प्रवास करून दिलेलें आहे, आणि त्या उत्तरांत वाहनापेक्षां शिदोरीचाच भाग मोठा आहे.

पेट्रोलची गाडी जन्मतःच दूरच्या प्रवासास योग्य होती, असा समज रूढ आहे. इतिहास तसें सांगत नाहीं. १८८८ च्या ऑगस्ट महिन्यांत जर्मनींतील बेर्टा बेन्झ या बाई आपल्या दोन मुलांना घेऊन, पतीनें तयार केलेल्या तीनचाकी गाडींतून, मानहाइमहून फोर्ट्सहाइम येथें माहेरीं निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरांहून थोडें अधिक. वाटेंत इंधन सरत आलें, तेव्हां वीस्लोख गांवच्या औषधविक्याकडून त्यांनीं लिग्रोइन नांवाचें द्रव्य विकत घेतलें व पुढची वाट धरली. औषधाचें दुकान हाच जगांतील पहिला पेट्रोलपंप ठरला. त्या दिवशीं तें दुकान वाटेंत नसतें, तर जगांतील पहिला लांबचा मोटारप्रवास बैलांच्या अथवा घोड्यांच्या मदतीनें संपला असता.

त्यानंतर एकोणीस वर्षांनीं, १९०७ सालीं, पॅरिसच्या ‘ल मातँ’ या दैनिकानें एक आव्हान दिलें: पेकिंगपासून पॅरिसपर्यंत मोटारीनें कोणी येईल काय? १० जून रोजीं पांच गाड्या पेकिंगहून निघाल्या. इटलीचे राजपुत्र शिपिओने बोर्गेझे हे ‘इताला’ गाडींतून १० ऑगस्ट रोजीं पॅरिसला पोंचले आणि त्यांचें नांव मोटारींच्या इतिहासांत कायमचें कोरलें गेलें. परंतु त्या यशाचा पाया उंटांनीं घातला होता. मोटारी निघण्यापूर्वींच पेट्रोल घेऊन उंटांचे तांडे गोबीच्या वाळवंटाकडे रवाना झाले होते. मोटार जें अंतर एका दिवसांत तोडी, त्या अंतरासाठीं लागणारें इंधन उंट कित्येक दिवस पाठीवर वाहून नेत. पेकिंगच्या उत्तरेकडील डोंगरांतून तर माणसांनीं आणि जनावरांनीं त्या गाड्या ओढून पार केल्या.

ज्या एका गाडीची शिदोरी चुकली, तिची कथा निराळी आहे. ओग्यूस्त पों यांची ‘कोंताल’ ही तीनचाकी गाडी गोबींत पेट्रोल संपून उभी राहिली. पों व त्यांचा सोबती मरणाच्या दारांत पोंचले. वाळवंटांतील भटक्या लोकांनीं त्यांना वांचविलें. गाडी मात्र तेथेंच राहिली. एक गोष्ट येथें ध्यानांत घेण्याजोगी आहे. या वाळवंटांत मोटारींचे प्रवासी तारायंत्राच्या खांबांच्या अनुरोधानें वाट काढीत होते. म्हणजे वीज गोबींत पोंचली होती. पण ती निरोप नेण्यापुरती, गाडी नेण्यापुरती नव्हे.

याच काळांत विजेची गाडी मागें होती असें मात्र नाहीं. पुन्हां पुन्हां भरतां येणारी शिशाची बॅटरी फ्रान्सच्या गास्तों प्लांते यांनीं १८५९ सालींच तयार केली होती. १८८१ सालीं कामीय फोर यांनीं ती सुधारली आणि त्याच वर्षीं ग्यूस्ताव त्रूव्हे यांनीं पॅरिसमध्यें विजेची तीनचाकी चालवून दाखविली. २९ एप्रिल १८९९ रोजीं बेल्जियमचे कामीय जेनात्झी यांनीं आपली विजेची गाडी ताशीं १०५ किलोमीटरांहून अधिक वेगानें पळविली. ताशीं शंभर किलोमीटरांची मर्यादा ओलांडण्याचा रस्त्यावरील वाहनांतला पहिला मान पेट्रोलकडे नव्हे, विजेकडे गेला. १९०० सालच्या सुमारास अमेरिकेंत तयार होणाऱ्या मोटारींत विजेच्या गाड्यांचें प्रमाण एकतृतीयांशाच्या आसपास होतें. ती गाडी धूर सोडीत नसे, गोंगाट करीत नसे, आणि ती सुरू करण्यासाठीं पुढें उभें राहून हँडल फिरवावें लागत नसे.

तिचा पल्लाहि हंसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. १९०१ सालीं फ्रान्सचे लुई क्रीगर यांनीं एकदां भरलेल्या बॅटरीवर ३०७ किलोमीटर मजल मारली. अमेरिकेंत डेन्व्हर शहरचे ऑलिव्हर फ्रिच्ल हे रसायनज्ञ विजेच्या गाड्या तयार करीत. एका भरणींत शंभर मैल, म्हणजे सुमारें १६० किलोमीटर, हें त्यांच्या गाडीचें ब्रीद होतें. त्यांनीं इतर कारखानदारांना लांबच्या शर्यतीचें आव्हान दिलें; कोणीच पुढें आलें नाहीं. तेव्हां १९०८ च्या ऑक्टोबरअखेर ते स्वतः नेब्रास्का संस्थानांतील लिंकन गांवाहून निघाले आणि चिखलाच्या, खाचखळग्यांच्या रस्त्यांनीं सुमारें २,९०० किलोमीटर कापून अठ्ठाविसाव्या दिवशीं न्यूयॉर्कला पोंचले. हा प्रवास शक्य झाला याचें कारण त्यांचा मार्ग विजेची सोय असलेल्या गांवांवरून गेला होता. तीच गाडी लिंकनहून पूर्वेऐवजीं पश्चिमेच्या ओसाड मुलुखांत वळती, तर चित्र निराळें झालें असतें.

मग ही गाडी मागें कां पडली? तिचें यंत्र निकृष्ट होतें म्हणून नव्हे. पेट्रोलचा डबा किराणा दुकानांत, लोहाराच्या पडवींत किंवा शेतावरच्या गोठ्यांत ठेवतां येत होता. विजेचा डबा कोठें ठेवतां येत नव्हता. १९३० नंतरच्या दशकाच्या मध्यासदेखील अमेरिकेंतील दहा शेतघरांपैकीं जेमतेम एका घरीं वीज होती. १९३५ सालीं खेड्यापाड्यांत वीज नेण्यासाठीं सरकारी खातें निघालें, त्यानंतर तारा शेतांपर्यंत पोंचूं लागल्या. दरम्यान १९०८ सालीं फोर्ड यांची स्वस्त ‘टी’ मोटार निघाली. १९१२ सालीं कॅडिलॅक गाडीस बटणावर चालू करणारी छोटी विद्युत्-मोटर बसली आणि हँडल फिरविण्याचा त्रास संपला. पेट्रोलच्या गाडीस हा शेवटचा हात विजेनेंच दिला, हा दैवाचा विनोद म्हणावयाचा. पुढें दोन दशकांत विजेची मोटार रस्त्यांवरून जवळ जवळ नाहींशी झाली. आडांतच नाहीं, तर पोहऱ्यांत कोठून येणार?

या पराभवाच्या मुळाशीं एक साधें गणित आहे. वीस लिटर पेट्रोलचें वजन सुमारें पंधरा किलो भरतें. त्यांतील उष्णता विजेच्या मापानें मोजली, तर ती सुमारें १८० युनिट होते. इंजिन तींतील पाऊण हिस्सा धूर आणि ऊष्मा यांच्या रूपानें वाऱ्यावर सोडतें. तरीहि चाळीस-पंचेचाळीस युनिट कामास उरतात. विजेची मोटार अशी उधळी नाहीं. मिळालेल्या शक्तीपैकीं नऊदशांशाच्या आसपास ती कामीं लावते. असें असूनहि तेवढ्याच कामासाठीं जुन्या शिशाच्या बॅटऱ्या दीड टनाच्या घरांत लागतात, आणि आजच्या लिथियमच्या बॅटऱ्या तीनशें किलोंच्या आसपास. पेट्रोलचा डबा माणूस खांद्यावर टाकून चालूं लागेल. तेवढीच वीज न्यावयाची तर बैलगाडी जुंपावी लागेल. शिवाय डबा टाकींत ओतण्यास पांच मिनिटें पुरतात. बॅटरी साध्या घरगुती जोडणीवर भरावयाची, तर रात्र जाते आणि कधीं दुसरा दिवसहि जातो.

हा प्रश्न पुन्हां ऐरणीवर आला तो १९६८ सालीं, आणि तोहि विद्यार्थ्यांमुळें. कॅलिफोर्नियांतील कॅल्टेक या संस्थेचे विद्यार्थी वॉली रिपेल यांनीं मॅसॅच्युसेट्सच्या एम. आय. टी. या संस्थेस शर्यतीचें आव्हान दिलें. कॅल्टेकची गाडी पश्चिमेकडून पूर्वेस आणि एम. आय. टी.ची पूर्वेकडून पश्चिमेस जावयाची होती. अंतर सुमारें ५,३०० किलोमीटर. २६ ऑगस्ट रोजीं दोन्ही गाड्या निघाल्या. वाटेंत त्या अनेकदां बिघडल्या. एम. आय. टी.च्या विद्यार्थ्यांना तर तापलेल्या बॅटऱ्या थंड करण्यासाठीं बर्फ वापरावा लागला. त्यांची गाडी मुक्कामीं आधीं पोंचली खरी. परंतु कांहीं वाट तिला दुसऱ्या वाहनाच्या मागें बांधून ओढावें लागलें होतें. त्याबद्दल दंडाचा वेळ धरल्यावर कॅल्टेकची गाडी अवघ्या अर्ध्या तासाच्या फरकानें विजयी ठरली. तरी या शर्यतीचे खरे वीर ते विद्यार्थीहि नव्हेत. वाटेवर सुमारें शंभर शंभर किलोमीटरांवर चोपन्न ठिकाणीं बॅटरी भरण्याची सोय आधीं करून ठेवली होती. १९०७ सालीं जें काम उंटांनीं केलें, तें १९६८ सालीं या चोपन्न ठाण्यांनीं केलें.

त्यानंतर तीनच वर्षांनीं विजेची गाडी अशा मुलुखांत गेली कीं ज्याहून निर्जन मुलूख माणसानें आजवर तुडविलेला नाहीं. १९७१ च्या जुलैअखेर अपोलो १५ चे यात्री डेव्हिड स्कॉट व जेम्स आयर्विन यांनीं चंद्राच्या भूमीवर मोटार चालविली. चंद्रावर हवा नाहीं, म्हणून तेथें पेट्रोल जळूं शकत नाहीं. विजेवांचून दुसरा उपायच नव्हता. पृथ्वीवर सुमारें २१० किलो भरणाऱ्या त्या गाडीस चार चाकांना चार स्वतंत्र मोटरी होत्या. तिच्या चांदी-जस्ताच्या बॅटऱ्या पुन्हां भरण्याजोग्या नव्हत्या. त्यांची शक्ति सुमारें नव्वद किलोमीटर पुरेल अशी योजना होती. तरीहि १९७२ च्या डिसेंबरांत, अपोलो १७ च्या वेळीं, गाडी एकंदर छत्तीस किलोमीटरांच्या आसपासच फिरली आणि यानापासून आठ किलोमीटरांपलीकडे गेली नाहीं. याचें कारण बॅटरी नव्हे. कारण एक नियम होता. गाडी वाटेंत बंद पडली, तर यात्रेकरूंना श्वासापुरता प्राणवायु उरला असतां पायीं यानापर्यंत परततां आलें पाहिजे. तेवढेंच अंतर जावयाचें, त्यापुढें नाहीं. गोबींत पों यांच्याजवळ हा नियम नव्हता, आणि त्याची किंमत ते जिवानें देतां देतां वांचले.

चंद्रावरून पृथ्वीवर परत यावें, तर विजेच्या बाजूची एक मोठी गोष्ट दिसते. पेट्रोल जमिनीखालून काढावें लागतें, शुद्ध करावें लागतें व वाहून न्यावें लागतें. वीज मात्र प्रवासी जेथें उभा आहे तेथेंच, त्याच्या डोक्यावरील सूर्यापासून करतां येते. या विचारानें डेन्मार्कमध्यें जन्मलेले हान्स थोल्स्ट्रुप व ऑस्ट्रेलियाचे लॅरी पर्किन्स यांनीं ‘क्वाएट अचीव्हर’ ही सौर गाडी सिद्ध केली. तिच्या पाठीवरील पट्ट्यांची शक्ति भर उन्हांत सुमारें एक किलोवॅट, म्हणजे एका पाणी तापविण्याच्या यंत्राहूनहि कमी. १९ डिसेंबर १९८२ रोजीं ऑस्ट्रेलियाचा पश्चिम किनारा सोडून ७ जानेवारी १९८३ रोजीं ती सिडनीस पोंचली. चार हजार किलोमीटरांहून अधिक अंतर, वीस दिवस, सरासरी वेग ताशीं तेवीस किलोमीटर. १९१२ सालीं फ्रान्सिस बर्टल्स यांनीं याच खंडाचा पहिला पश्चिम-पूर्व मोटारप्रवास पेट्रोलवर केला होता, त्याला अठ्ठावीस दिवस लागले होते. थोल्स्ट्रुप यांनीं पुढें १९८७ सालीं डार्विन ते ॲडलेड अशी सुमारें तीन हजार किलोमीटरांची सौर गाड्यांची शर्यत सुरू केली. पहिल्याच वर्षीं जनरल मोटर्सच्या ‘सनरेसर’ गाडीनें ताशीं सुमारें ६७ किलोमीटर सरासरीनें ती जिंकली.

या यशानें भुलून जाऊं नये. त्या गाड्या कागदी होडीसारख्या हलक्या होत्या. त्यांत तंबू, पाणी, भांडींकुंडीं आणि मुलेंबाळें मावत नाहींत. संसार घेऊन निघालेल्या प्रवाशाचा हिशेब निराळा आहे. सहा चौरस मीटर सौर पट्ट्या अंथरल्या, तर स्वच्छ उन्हाच्या पुऱ्या दिवसांत सहा-सात युनिट वीज मिळते. साध्या विजेच्या मोटारीस चांगल्या रस्त्यावर शंभर किलोमीटरांस पंधरा ते वीस युनिट लागतात. म्हणजे दिवसभर उन्हांत थांबावें तेव्हां तीस-चाळीस किलोमीटर मजल होणार. मऊ वाळूंत तर त्याहूनहि कमी. थेंबें थेंबें तळें सांचतें हें खरें, पण तळें सांचेपर्यंत वाट पाहण्याची तयारी पाहिजे. मंगळ ग्रहावर २००४ सालीं उतरलेली ‘ऑपॉर्च्युनिटी’ ही सौर गाडी चौदा वर्षांत पंचेचाळीस किलोमीटर चालली, आणि २०१८ सालच्या धुळीच्या वादळानें सूर्य झांकला तेव्हां कायमची थांबली. सूर्य शिदोरी देतो. ती आपल्या वेळेनें देतो.

हें सारें कोडें बरेंच सोपें केलें तें लिथियमच्या बॅटरीनें. १९९१ सालीं ती प्रथम बाजारांत आली. तिच्या जनकांना, जॉन गुडइनफ, स्टॅन्ली व्हिटिंगहॅम व अकिरा योशिनो यांना, २०१९ सालीं नोबेल पारितोषिक मिळालें. तिच्या बळावर प्रवाशांचें धाडस वाढलें. त्यापूर्वींच, २००७-०८ सालीं, स्वित्झर्लंडचे शिक्षक लुई पामर यांनीं सौर पट्ट्यांची छोटी गाडी मागें जोडून आपल्या ‘सोलरटॅक्सी’ंतून अठरा महिन्यांत पृथ्वीप्रदक्षिणा केली होती. त्या वाटेंत भारतहि होता. २०१७ सालीं स्कॉटलंडचें ख्रिस व ज्यूली रॅम्सी हें दांपत्य विजेच्या निसान लीफ गाडींतून इंग्लंडहून निघून कझाकस्तान ओलांडून सायबेरियांतील उलान-उदे येथें पोंचलें. एकशेंदहा वर्षांपूर्वीं बोर्गेझे यांची गाडी ज्या बैकल सरोवराच्या परिसरांतून गेली, त्याच परिसरांत ही विजेची गाडी उभी राहिली, आणि तिच्यापुढें उंटांचा तांडा गेलेला नव्हता. त्याच दांपत्यानें २०२३ सालीं उत्तर चुंबकीय ध्रुवाच्या १८२३ सालच्या स्थानापासून दक्षिण ध्रुवापर्यंत, जेथें रस्ताच नाहीं असे टप्पे वगळून, विजेची गाडी नेली.

या सर्वांत अधिक बोलका प्रवास वीबे वाक्कर या डच तरुणाचा. २०१६ च्या मार्चमध्यें तो नेदरलंड्सहून निघाला आणि २०१९ च्या एप्रिलांत सिडनीस पोंचला. १,११९ दिवस, तेहतीस देश, सुमारें ९५,००० किलोमीटर. या देशांत भारत होता. गाडीचा पल्ला अवघा दोनशें किलोमीटर. त्याच्याजवळ ना उंट होते, ना चोपन्न ठाणीं. लोकांनीं त्याला जेवूं घातलें, निजायला जागा दिली आणि भिंतींतील बटण दाखविलें. वाटसरूस पाण्याचा तांब्या देण्याची रीत जेथें शिल्लक आहे, तेथें विजेची जोडणीहि मिळते, हें त्यानें सिद्ध केलें. १९०८ सालीं अशा जोडणीसाठीं वीजघराचें गांव शोधावें लागे. पृथ्वीच्या पाठीवर आज बहुतेक वस्त्यांत ती जोडणी आहे. शंभर वर्षांतला मोठा पालट गाडींत झाला त्याहून अधिक या भिंतींत झाला.

जेथें वस्तीच नाहीं, तेथेंहि माणसाची युक्ति चालते. ऑस्ट्रेलियाच्या नलारबॉर पठारावर कायगुना येथें रस्त्याकांठीं एक उपाहारगृह आहे. विजेच्या मुख्य तारा तेथें पोंचत नाहींत. तेथें बटाट्यांचे काप तळून उरलेल्या तेलावर चालणारें जनित्र बसवून २०२२ सालापासून मोटारींना वीज देण्यांत येऊं लागली. २०२४ पर्यंत पश्चिम ऑस्ट्रेलियाच्या सरकारनेंहि उत्तरेकडील कुनुनुरापासून नलारबॉरवरील मुंद्राबिलापर्यंत बॅटरी भरण्याच्या केंद्रांची माळ ओंवली. नेदरलंड्समधील आइंडहोव्हनच्या विद्यार्थ्यांनीं २०२३ सालीं ‘स्टेला टेरा’ ही कच्च्या रस्त्यांवर चालणारी सौर गाडी तयार करून मोरोक्कोंत हजार किलोमीटरांहून अधिक फिरविली. विजेच्या गाडीच्या अंगचे गुणहि अशा मुलुखांत उपयोगी पडतात. साध्या पेट्रोल इंजिनाची शक्ति दर हजार मीटर उंचीस सुमारें दहाव्या हिश्श्यानें घटते, कारण हवा विरळ होते. विजेच्या मोटरीस हवेची गरजच नाहीं. उतारावर ती ब्रेकांत वायां जाणारी शक्ति कांहीं अंशीं परत बॅटरींत घालते. मात्र कडाक्याच्या थंडींत तीच बॅटरी आंखडते व पल्ला बराच घटतो.

तेव्हां मूळ प्रश्नाचें उत्तर काय? पल्ल्याच्या आंत वस्ती असेल आणि प्रवाशास घाई नसेल, तर विजेची गाडी दूरच्या प्रवासास आजच व्यवहार्य आहे. वस्ती नाहीं, पण ऊन आणि सवड दोन्ही आहेत, तर हलक्या गाडीनें ती धीराची परीक्षा होईल, अशक्य कोटींतली गोष्ट होणार नाहीं. परंतु जेथें वस्ती नाहीं आणि उशिराची किंमत एखाद्याच्या जिवानें मोजावी लागेल, पुरांत सांपडलेल्यांकडे निघालेला डॉक्टर असो कीं हिमवादळांत शोधास निघालेली तुकडी असो, तेथें पेट्रोलचा डबा अद्याप अधिक भरंवशाचा आहे. तो डबाहि कोणीतरी आधीं नेऊन ठेवलेला असतो, हें मात्र विसरूं नये.

एक भेद शेवटीं सांगितला पाहिजे. दूरच्या मुलुखाचा विचार नेहमीं पाहुण्याच्या दृष्टीनें केला जातो; तेथें राहणाऱ्याच्या दृष्टीनें क्वचितच. पाहुणा एका टोंकाकडून दुसऱ्या टोंकास जातो, म्हणून त्याला वाटभर शिदोरी लागते. तेथला रहिवासी सकाळीं निघून सायंकाळीं घरीं परततो. त्याच्यासाठीं पेट्रोल शेंकडों किलोमीटरांवरून येतें, रस्ता बंद झाला कीं येत नाहीं; ऊन मात्र त्याच्या छपरावर रोज पडतें. चंद्रावरच्या यात्रेकरूंचा नियम त्याला सहज पाळतां येतो: परत येतां येईल तेवढेंच दूर जावें. विजेची गाडी निर्जन वाटेवर प्रथम कोणाच्या उपयोगी पडणार असेल, तर ती ध्रुवाकडे निघालेल्या वीराच्या नव्हे. त्या वाटेवर घर करून राहिलेल्या माणसाच्या.